निसर्ग शिबिरासाठी विद्यार्थ्याचे प्रायोजकत्व : पहिल्यांदाच पुढे येणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

एखाद्या विद्यार्थ्याला उन्हाळी निसर्ग शिबिराला पाठवण्याचा खर्च आपण उचलावा, असे अनेकांना मनापासून वाटते. पण कोणाला विचारावे, पैसे कोणाकडे द्यावेत आणि आपली जबाबदारी नेमकी कुठवर, हे ठाऊक नसल्यामुळे तो विचार मनातच राहतो. जे पुढे येतात त्यांच्यापैकीही बरेचजण शिबिराचे शुल्क भरून थांबतात. शुल्क भरायला तर हवेच, पण घरची परिस्थिती बेताची असलेल्या मुलाची तेवढी एकच अडचण नसते. पायात धड बूट नसतात, प्रवासाला पैसे नसतात, मुलाला सोडायला जायचे तर आईवडिलांचा रोज बुडतो, मूल अनोळखी माणसांच्या हवाली करण्याची धास्ती असते, आणि ‘हा दुसऱ्याच्या पैशांवर आला आहे’ असे कोणी म्हणेल का ही भीती मुलाच्या मनात असते. या सगळ्यांचा विचार झाला असेल तरच ते मूल शिबिराला पोहोचते आणि तिथे रमते. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे आहे, की दहा मुलांचे अर्धेमुर्धे शुल्क भरण्याऐवजी दोन मुलांची पूर्ण जबाबदारी घ्यावी, आणि ती शिबिराच्या कितीतरी आधी सुरू होऊन शिबिरानंतरही चालू राहते हे गृहीत धरूनच सगळी आखणी करावी.

अशा मदतीची परंपरा जुनी आहे. १८७७ साली विलार्ड पार्सन्स या धर्मोपदेशकाने न्यूयॉर्कच्या कोंदट वस्त्यांमधील मुलांना उन्हाळ्यात पेनसिल्व्हेनियातील शर्मन या लहानशा गावी नेले आणि तिथल्या कुटुंबांना त्यांना आपल्या घरी ठेवून घेण्याची विनंती केली. ‘फ्रेश एअर फंड’ ही संस्था त्यातूनच उभी राहिली. मुलांना मोकळी हवा मिळावी हा तेव्हाचा मुख्य हेतू होता. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९७७ मध्ये, युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी जॉर्जियातील तिबिलिसी येथे भरवलेल्या परिषदेत पर्यावरण शिक्षणाची उद्दिष्टे जाणीव, ज्ञान, दृष्टिकोन, कौशल्ये आणि प्रत्यक्ष सहभाग अशा पाच गटांत मांडली गेली. १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातील कलम २९ तर असे सांगते, की शिक्षणाने मुलाच्या मनात निसर्गाविषयी आदर निर्माण करायला हवा. प्रायोजकाने हे लक्षात ठेवलेले बरे, कारण त्यामुळे आपण कोणावर उपकार करत आहोत ही भावना गळून पडते. जे मुलाला मिळायलाच हवे होते, त्याच्या वाटेतला अडथळा आपण दूर करत असतो.

पहिली पायरी : पूर्ण खर्चाचा अंदाज

शिबिर सुरू होण्याच्या निदान सहा महिने आधी बसून खर्चाचा सविस्तर तक्ता करावा. शिबिराचे शुल्क, मुलाचा जाण्यायेण्याचा प्रवास, पोहोचवायला आणि आणायला जाणाऱ्या पालकाचा प्रवास, बूट आणि आवश्यक साहित्य, शिबिरापूर्वीची वैद्यकीय तपासणी आणि शुल्कात विमा धरलेला नसेल तर विम्याचा हप्ता, एवढ्या बाबी त्यात यायलाच हव्यात. या बेरजेच्या साधारण दहा टक्के रक्कम ऐनवेळच्या गरजेसाठी बाजूला ठेवावी. मूल आजारी पडून मध्येच परत आणावे लागले तर धावपळीच्या वेळी पैशांचा प्रश्न उभा राहता कामा नये.

अनेक शिबिरांमध्ये काही जागा सवलतीच्या किंवा शिष्यवृत्तीच्या असतात, पण त्याची जाहिरात होतेच असे नाही. ही चौकशी आपण आधी करावी. तशी जागा मिळाली तर आपले पैसे प्रवास, साहित्य आणि पुढच्या पाठपुराव्यासाठी वापरता येतात, आणि तिथेच त्यांचा खरा उपयोग होतो.

शिबिर किती दिवसांचे असावे, हेही याच टप्प्यावर ठरवावे. घराबाहेर कधीच न राहिलेल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याचे शिबिर किंवा फार तर दोन रात्रींचे निवासी शिबिर योग्य ठरते. दहा ते चौदा या वयोगटासाठी मात्र मी पाच ते सात रात्रींच्या निवासी शिबिराचा पर्याय सुचवेन, कारण पहिले दोन दिवस नव्या जागेशी आणि नव्या सोबत्यांशी जुळवून घेण्यातच जातात आणि खरे निरीक्षण तिसऱ्या दिवसापासून सुरू होते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका अभ्यासात सहावीतील मुले पाच दिवस फोन आणि दूरचित्रवाणीशिवाय निसर्ग शिबिरात राहिली, आणि चेहऱ्यावरचे भाव ओळखण्याची त्यांची क्षमता शिबिराला न गेलेल्या मुलांपेक्षा अधिक सुधारलेली आढळली. अभ्यास लहान होता आणि त्यावरून मोठे दावे करू नयेत; पण चार-पाच दिवस सलग मिळाल्याने फरक पडतो, हे मुलांबरोबर काम करणारे अनेकजण स्वतः पाहतात.

दुसरी पायरी : शिबिराची पारख

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. माहितीपत्रकातील छायाचित्रे पाहून निर्णय घेऊ नये. शिबिराच्या संचालकांशी प्रत्यक्ष बोलावे, शक्य असेल तर जागा पाहून यावे आणि लेखी उत्तरे मागावीत. चांगल्या संस्थेला अशा प्रश्नांचा राग येत नाही. उलट असे प्रश्न विचारणारा प्रायोजक तिला हवाच असतो.

मुलांच्या सुरक्षिततेपासून सुरुवात करावी. किती मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती असते, हा पहिला प्रश्न. ‘अमेरिकन कॅम्प असोसिएशन’ निवासी शिबिरांसाठी जे किमान प्रमाण सुचवते, ते सहा ते आठ वर्षांच्या सहा मुलांमागे एक, नऊ ते चौदा वर्षांच्या आठ मुलांमागे एक आणि पंधरा ते अठरा वर्षांच्या दहा मुलांमागे एक असे आहे. आपण निवडलेले शिबिर कुठेही असले तरी तुलनेसाठी हे प्रमाण उपयोगी पडते. मोजणी करताना स्वयंपाकी, वाहनचालक आणि कार्यालयातील माणसे धरू नयेत; जे प्रत्यक्ष मुलांसोबत असतात तेवढेच मोजावेत. त्यानंतर विचारावे, की कर्मचारी आणि स्वयंसेवक यांची पूर्वपीठिका तपासली जाते का, कोणतीही प्रौढ व्यक्ती एकट्या मुलासोबत बंद जागेत राहणार नाही असा नियम आहे का आणि तो पाळला जातो हे कोण पाहते, मुलामुलींच्या झोपण्याच्या व स्वच्छतागृहांच्या जागा वेगळ्या आहेत का, आणि मुलाला काही खटकले तर ते त्याने कोणाला सांगायचे. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना संचालक घुटमळले, तर ते शिबिर मी यादीतून काढून टाकेन.

आरोग्याच्या बाबतीत प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती रात्रीही हजर असते का, जवळचे रुग्णालय वाहनाने किती मिनिटांवर आहे, ते वाहन रात्रभर शिबिरातच उभे असते का आणि मुलांची औषधे कोणाच्या ताब्यात राहतात, हे विचारावे. अंतर किलोमीटरमध्ये न विचारता वेळेत विचारावे, कारण डोंगराळ रस्त्यावर वीस किलोमीटरला तास लागू शकतो. पाण्यात उतरण्याचा कार्यक्रम असेल तर जीवरक्षक कोण, हे स्पष्ट व्हायला हवे. विजा चमकू लागल्या तर काय करतात, हा प्रश्न संस्थेची तयारी चटकन दाखवून देतो. गडगडाट ऐकू येताच पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत आसरा घ्यायचा आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे बाहेर पडायचे नाही, हा जगभर सांगितला जाणारा नियम आहे. तो कर्मचाऱ्यांना न अडखळता सांगता आला पाहिजे.

शिबिरात नेमके काय शिकवले जाते, हा यानंतरचा आणि तितकाच महत्त्वाचा भाग. निसर्ग शिबिर या नावाखाली पुष्कळ ठिकाणी दोरखंडावरून उतरणे, अडथळ्यांची शर्यत आणि शेकोटीभोवतीची गाणी एवढेच असते. त्यात वाईट काही नाही, पण ते साहस शिबिर झाले. निसर्ग शिक्षणात मूल एका जागी थांबून पाहायला, ऐकायला, नोंद करायला आणि पाहिलेल्या गोष्टीबद्दल प्रश्न विचारायला शिकते. संपूर्ण एका दिवसाचे वेळापत्रक मागवून घ्यावे आणि त्यात मोकळा वेळ किती आहे ते पाहावे. पहाटेपासून रात्रीपर्यंत प्रत्येक तास भरलेला असेल तर मुंग्यांच्या रांगेजवळ बसून राहायला मुलाला सवडच मिळणार नाही. पायवाटेवरून फिरताना एका मार्गदर्शकासोबत किती मुले असतात, हेही विचारावे. पंचवीस मुलांची रांग चालली असेल तर पुढच्या चौघांना पक्षी दिसतो आणि मागच्यांना फक्त पुढच्याची पाठ दिसते.

शक्य झाल्यास मागील वर्षीच्या मुलांच्या नोंदवह्या, त्यांची नावे झाकून, पाहायला मागाव्यात. फळ्यावरून उतरवून घेतलेल्या नावांच्या याद्या सगळ्या वह्यांमध्ये सारख्याच असतील, तर तिथे वर्गातलेच शिक्षण झाडाखाली चालते असे समजावे. एखाद्या वहीत पानाचे वेडेवाकडे चित्र, त्यावरच्या भोकांना दाखवलेले बाण आणि बाजूला ‘ही भोके कडेलाच का आहेत?’ असा प्रश्न सापडला, तर शिबिर योग्य हातांत आहे. त्याचबरोबर सजीवांशी तिथे कसे वागतात, हेही पाहावे. घरट्याजवळ मुलांना नेणे, पक्ष्यांना जवळ बोलावण्यासाठी ध्वनिमुद्रित आवाज पुन्हा पुन्हा वाजवणे, कीटक डबीत भरून दिवसभर मिरवणे, हे जिथे चालते तिथे मूल चुकीचे शिकून येईल. पाण्यातला किडा पसरट ताटलीत घेऊन दोन मिनिटे पाहणे आणि जिथून घेतला तिथेच सोडणे, ही चांगली पद्धत होय.

तिसरी पायरी : विद्यार्थ्याची निवड

निवड प्रायोजकाने एकट्याने करू नये. मुलांना रोज पाहणारे शिक्षक, ग्रंथपाल किंवा वस्तीत काम करणारे कार्यकर्ते यांच्याकडे ती सोपवावी आणि आपण फक्त निकष ठरवण्यात सहभागी व्हावे. आपल्याच घरी किंवा हाताखाली काम करणाऱ्या व्यक्तीच्या मुलाला परस्पर पाठवण्याचा मोह अनेकांना होतो, आणि त्यामागची भावना चांगलीच असते; परंतु ते कुटुंब आपल्याला मोकळेपणाने नाही म्हणू शकत नाही. अशा मुलाला संधी द्यायचीच असेल, तर तीही शाळेमार्फत, इतर मुलांबरोबर अर्ज करूनच द्यावी.

बहुतेक ठिकाणी परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलांची नावे पुढे येतात. मला हे पटत नाही. गुणवंत मुलांना संधी अनेक मिळतात. जे मूल वर्गात मागे बसते, पण खिडकीतल्या कोळ्याने जाळे कुठून सुरू केले हे ज्याला सांगता येते, त्याच्यासाठी हे शिबिर खरे मोलाचे ठरते. असे मूल शोधण्याचा एक सोपा मार्ग आहे. इच्छुक मुलांना एक झाड, भिंतीचा एखादा कोपरा किंवा पावलाएवढी जमीन निवडायला सांगावे, आठवडाभर रोज दहा मिनिटे तिथे बसायला सांगावे आणि काय दिसले ते लिहून, चित्र काढून किंवा नुसते तोंडी सांगायला सांगावे. भाषा, शुद्धलेखन आणि चित्रकला यांना गुण देऊ नयेत. पाहण्यात सातत्य आहे का आणि कुतूहल आहे का, एवढेच तपासावे. आपल्या गरिबीवर किंवा घरच्या अडचणींवर निबंध लिहायला मुलाला कधीही लावू नये. आर्थिक गरजेची खातरजमा शाळेने तिच्याकडच्या माहितीवरून, मुलाला मध्ये न आणता करावी.

ज्यांची निवड होणार नाही, त्यांचाही विचार आधीच करून ठेवावा. आठवडाभर मन लावून निरीक्षण केलेल्या मुलाला शेवटी नुसता नकार मिळाला, तर त्याचे कुतूहल आपणच मारल्यासारखे होईल. अर्ज केलेल्या सर्वांसाठी एक दिवसाची निसर्ग सहल ठेवणे फारसे खर्चिक नसते, आणि माझ्या मते ती योजनेचा भागच असायला हवी.

एका शाळेतून किंवा वस्तीतून शक्यतो दोन मुले एकत्र पाठवावीत. अनोळखी घोळक्यात आपल्या बोलीत बोलणारे एक तरी माणूस असले, तर मूल लवकर मोकळे होते, आणि परतल्यावर अनुभव वाटून घ्यायलाही कोणी असते. मुलींच्या बाबतीत पालकांच्या मनात अधिक प्रश्न असतात आणि ते रास्त असतात. आई किंवा आजी यांचे शिबिरातील महिला कार्यकर्तीशी सविस्तर बोलणे घडवून आणावे, जमल्यास जागा दाखवून आणावी, आणि त्यानंतरही त्यांनी नकार दिला तर आग्रह करू नये. अपंग मुलांना आधीच वगळण्याची चूक होऊ नये. दृष्टिहीन मूल पहाटेच्या पक्ष्यांचे आवाज इतरांहून बारकाईने टिपू शकते. फक्त शिबिराची जागा, वाटा आणि सोबत यांची तयारी संस्थेशी आधी बोलून घ्यावी लागते.

पालकांची लेखी संमती लागतेच, पण मुलालाही वेगळे विचारावे. स्वतःशी संबंधित गोष्टीत मत मांडण्याचा मुलाचा हक्क बालहक्क कराराच्या कलम १२ मध्ये स्पष्ट नोंदवलेला आहे. ‘तुला खरेच जायचे आहे का, आणि कशाची भीती वाटते का?’ हा प्रश्न पालक समोर नसताना, मुलाच्या विश्वासातल्या शिक्षकाने विचारावा.

चौथी पायरी : पैशांचा व्यवहार

रक्कम नेहमी संस्थेच्या खात्यावर भरावी, कोणा व्यक्तीच्या हाती देऊ नये, आणि पावती घ्यावी. रक्कम कशासाठी आहे, मूल जाऊ शकले नाही तर ती परत मिळेल की पुढच्या मुलासाठी वापरली जाईल, आणि शिबिर रद्द झाल्यास काय होईल, हे एका पानाच्या पत्रात दोन्ही बाजूंच्या सहीने नोंदवून ठेवावे. अनेक देशांत ठरावीक व्यक्तीच्या नावे दिलेली मदत करसवलतीला पात्र ठरत नाही, मात्र नोंदणीकृत संस्थेच्या शिष्यवृत्ती निधीला दिलेली देणगी ठरू शकते. त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी करसल्लागाराला विचारून घ्यावे. पालकांच्या हाती द्यायची प्रवासाची रक्कम प्रवासाआधीच पोहोचती करावी. आधी खर्च करा आणि नंतर तिकिटे दाखवून पैसे घ्या, असे सांगितले तर ज्याच्याकडे आधी खर्च करायला पैसेच नाहीत, त्याचा मार्ग तिथेच बंद होतो.

प्रायोजकाची ओळख किती उघड करायची, हाही याच वेळी ठरवण्याचा विषय आहे. माझा सल्ला असा, की कोणते मूल प्रायोजकत्वावर आले आहे हे शिबिरात संचालक सोडून कोणालाही कळू नये. नामफलक, टोपी किंवा सदरा यांवर प्रायोजकाचे नाव नसावे. मुलाचे छायाचित्र आपल्या प्रसिद्धीसाठी मागू नये आणि आभाराच्या पत्राची अट घालू नये; मुलाच्या खासगीपणाचे संरक्षण हाही बालहक्क कराराच्या कलम १६ मधील हक्क आहे. मुलाने आपणहून पत्र लिहिले तर ते संस्थेमार्फत स्वीकारावे आणि उत्तरही तसेच पाठवावे.

पाचवी पायरी : मुलाची तयारी

साहित्याच्या यादीत पहिले नाव बुटांचे. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभराच्या चालण्याने पाय थोडे फुगलेले असतात. मुलाने मोजे घालून, उभे राहून पाहावे आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा उरते का ते तपासावे. ते शिबिराच्या निदान दोन आठवडे आधी मुलाच्या हाती पडले पाहिजेत आणि त्याने ते रोज घालून हिंडले पाहिजे. कोरे करकरीत बूट पहिल्याच दिवशी टाचेला फोड आणतात, आणि मग ते मूल उरलेले दिवस तंबूजवळ बसून इतरांची वाट पाहते. कपड्यांसाठी फार खर्च करू नये. मातकट, फिकट हिरव्या रंगाचे, पूर्ण बाह्यांचे जुने कपडे चांगलेच असतात. पावसापासून संरक्षण, टोपी, पाण्याची बाटली आणि विजेरी एवढे मात्र स्वतंत्र हवे. विजेरीवर लाल कागद किंवा लाल प्रकाशाची सोय असेल तर उत्तम, कारण अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात आणि पांढऱ्या प्रकाशाच्या एका झोताने ती तयारी वाया जाते. नोंदी पेन्सिलीनेच कराव्यात. दमट कागदावर शाई पसरते, पेन्सिल टिकते.

दुर्बीण घ्यायची असेल तर ती मुलाच्या हाताने आणि डोळ्यांनी तपासून घ्यावी. दुर्बिणीवरील ८×३२ यासारख्या आकड्यांपैकी पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसते हे सांगतो आणि दुसरा समोरच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. लहान हातांत दहा-बारा पटीची दुर्बीण थरथरते आणि दृश्याचा घेरही लहान असतो, म्हणून आठ किंवा सहा पटीची बरी. दोन नळ्या मुलाच्या डोळ्यांतील अंतराइतक्या जवळ येतात का, हे नक्की पाहावे. मोठ्यांसाठी बनवलेल्या अनेक दुर्बिणी तेवढ्या मिटत नाहीत आणि मुलाला दोन वेगवेगळी वर्तुळे दिसत राहतात. आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी शोधायचा, नजर तिथेच खिळवून ठेवायची आणि दुर्बीण वर उचलून डोळ्यांशी न्यायची, हा सराव घरी झालेला असावा. दुर्बीण परवडत नसेल तर दहा पटीचे छोटे घडीचे भिंग द्यावे. ते डोळ्याला जवळजवळ टेकवून धरायचे आणि पान किंवा दगड पुढे आणत आणत स्पष्ट दिसेपर्यंत जवळ न्यायचा असतो. शेवाळाचा तुकडा असा पाहिला, की त्यावरच्या बारीक देठांच्या टोकाशी असलेल्या कुप्या दिसतात, आणि मूल मग भिंग खाली ठेवायला तयार होत नाही.

घराची आठवण येणे हा शिबिरातला सर्वांत सामान्य त्रास आहे आणि त्याची तयारी आधी करता येते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००७ मध्ये या विषयावर सविस्तर मार्गदर्शन प्रसिद्ध केले. जाण्याच्या निर्णयात मुलाला सामील करून घ्यावे, आधी एखाद-दोन रात्री नातेवाइकांकडे राहण्याचा सराव द्यावा, आठवण येणे साहजिक आहे असे सांगावे आणि ‘करमले नाही तर लगेच न्यायला येऊ’ असे वचन देऊ नये, ही त्यातील मुख्य सूत्रे आहेत. शेवटचे सूत्र पालकांना कठोर वाटते. पण असे वचन ऐकणाऱ्या मुलाला, आपल्या आईवडिलांनाच आपला भरवसा नाही असे वाटते, आणि पहिल्या रात्रीपासून ते सुटकेची वाट पाहू लागते. प्रायोजकाने हे थेट न सांगता शिक्षकांकरवी पालकांपर्यंत पोहोचवावे.

आरोग्याच्या अर्जात दमा, ॲलर्जी, फिट येणे, चालू औषधे आणि लसीकरण यांची माहिती पूर्ण भरली गेली आहे, याची खात्री संस्थेने करावी. अंथरूण ओले होण्यासारखी गोष्ट पालक संकोचाने लपवतात. ती संचालकांना खासगीत कळवली, तर रात्री एकदा उठवणे किंवा जादा चादर देणे अशी साधी व्यवस्था कोणाच्या लक्षात न येता होते. वयात आलेल्या किंवा येऊ घातलेल्या मुलींच्या सामानात पाळीचे साहित्य न विचारता ठेवावे. दमेकरी मुलाचे फवाऱ्याचे औषध कपाटात कुलूपबंद न राहता फिरतीवर त्याच्याजवळ किंवा मार्गदर्शकाजवळ असायला हवे, हे लेखी ठरवून घ्यावे.

शिबिर चालू असताना

या दिवसांत प्रायोजकाने दूर राहावे. भेटीला जाऊ नये, फोन करू नये, रोजची छायाचित्रे मागू नयेत. पालकांसाठी संपर्काचा एक क्रमांक आणि एक जबाबदार व्यक्ती ठरलेली असली, आणि अडचणीच्या वेळी आपल्याला कोण कळवणार हे माहीत असले, की पुरे.

त्यानंतरचे महिने

१९८० मध्ये टॉमस टॅनर या संशोधकाने निसर्ग संवर्धनाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या माणसांना, आपण या वाटेकडे कशामुळे वळलो, असे विचारले तेव्हा बालपणी मोकळ्या निसर्गात घालवलेला वेळ हे कारण सर्वांत ठळकपणे पुढे आले. लुईझ चावला या संशोधिकेने नंतर नॉर्वे आणि अमेरिकेतील केंटकी येथील पर्यावरण कार्यकर्त्यांशी बोलून केलेल्या अभ्यासात निसर्गातील अनुभवांच्या जोडीला घरातील एखादी आस्था असलेली मोठी व्यक्तीही वारंवार दिसून आली. एका शिबिराने आयुष्य बदलते असे यावरून म्हणता येणार नाही. पण अनुभव वारंवार मिळावा लागतो आणि मुलाने दाखवलेल्या गोष्टीकडे वळून पाहणारे मोठे माणूस आसपास असावे लागते, हे त्यातून दिसते. सगळ्या मुलांच्या घरी असे माणूस नसते. ते मिळवून देणे हा प्रायोजकत्वाचाच भाग मानावा.

त्यासाठी मुलाच्या शाळेतील एका शिक्षकाला तयार करणे हा सर्वांत टिकाऊ उपाय आहे. ऑडुबॉन या पक्षी संवर्धन संस्थेने १९३६ मध्ये अमेरिकेच्या मेन राज्यातील हॉग बेटावर सुरू केलेले प्रसिद्ध निसर्ग शिबिर मुळात शिक्षक आणि इतर प्रौढ मार्गदर्शकांसाठीच होते, कारण एक शिक्षक तयार झाला की त्याच्यामागे वर्षानुवर्षे मुले तयार होतात. बजेटमध्ये शक्य असेल तर दोन मुले आणि त्यांच्या शाळेतील एक शिक्षक असा गट पाठवावा. परतल्यावर त्या शिक्षकाने महिन्यातून एकदा मुलांना जवळच्या तळ्याकाठी, माळावर किंवा बागेत न्यावे, आणि दुर्बीण व भिंगे शाळेच्या कपाटात ठेवून ती सही करून घरी नेण्याची मुभा सर्वच मुलांना द्यावी.

मुलांच्या नोंदींना पुढे वाट हवी असेल, तर ई-बर्ड आणि आय-नॅचरलिस्ट ही विनामूल्य साधने आहेत. पहिले पक्ष्यांच्या नोंदींसाठी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी अभ्यास केंद्राने ऑडुबॉन संस्थेसोबत २००२ मध्ये सुरू केले, दुसऱ्यावर कोणत्याही सजीवाचे छायाचित्र टाकून ओळख पटवता येते. लहान मुलांनी पालकांच्या किंवा शिक्षकांच्या खात्यावरून नोंद करावी आणि घराचे नेमके ठिकाण दिसणार नाही अशी मांडणी निवडावी. फेब्रुवारीत चार दिवस चालणारी ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही जागतिक पक्षीगणना शाळेच्या आवारातूनही करता येते, आणि आपण नोंदवलेली पंधरा मिनिटे जगभरच्या मोजणीत धरली जातात, हे मुलांना फार आवडते.

शिबिरानंतर साधारण तीन महिन्यांनी संस्थेने मूल, पालक आणि शिक्षक यांच्याशी वेगवेगळे बोलावे. काय आवडले यापेक्षा काय कमी पडले, कशाची लाज वाटली, काय जवळ असायला हवे होते, हे विचारावे; अशी उत्तरे मिळायला वेळ लागतो, म्हणून घाई करू नये. त्याच भेटीत पुढच्या वर्षीचाही विचार व्हावा. नवे मूल घ्यावे की त्याच मुलाला पुन्हा पाठवावे, असा प्रश्न पडतोच. मुलाला ओढ असेल तर मी दुसऱ्या वर्षी त्यालाच पाठवण्याच्या बाजूने आहे, कारण दुसऱ्या खेपेला ते नवख्या मुलांना वाट दाखवू लागते आणि पुढे मदतनीस म्हणून तयार होते. मोठ्या मुलांसाठी मदतनीसाच्या जागा थोड्याच असतात आणि त्यांचे अर्ज बहुधा लवकर मागवले जातात, त्यामुळे ही चौकशी शिबिर संपल्यानंतरच्या पहिल्याच महिन्यात करून ठेवावी.